वीस म्हणजे एक पूर्ण माणूस

अलास्काच्या ईशान्य किनाऱ्यालगत, ब्यूफोर्ट समुद्रात बार्टर नावाचं एक बेट आहे. त्या बेटावर काक्तोविक हे गाव. वस्ती अडीचशे-तीनशेच्या घरात. गावाकडे येणारा रस्ता नाही. यायचं तर विमानानं, नाहीतर उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत बोटीनं. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हवाई दलाला बेटावर धावपट्टी आणि रडार हवं होतं, म्हणून या गावाला आपली घरं तीनदा हलवावी लागली. १९९४ साली या गावातल्या हॅरल्ड कावेओलूक शाळेत माध्यमिक वर्गात नऊ मुलं होती. त्यांचे शिक्षक विल्यम बार्टली त्यांना द्विमान पद्धत शिकवत होते. आपण नेहमी दहाच्या पायावर मोजतो, संगणक दोनच्या पायावर मोजतो, हे समजावणं चाललं होतं. त्यावर मुलांनी सांगितलं की आमच्या भाषेत वीसच्या पायावर मोजतात.

मग मुलं त्या पद्धतीनं आकडे लिहायला बसली आणि लगेच अडली. वीसचा पाया म्हटला की शून्यापासून एकोणीसपर्यंत वीस वेगळी चिन्हं लागतात. शाळेत शिकवलेली चिन्हं तर दहाच. मुलांनी आधी उरलेल्या दहांसाठी मनाला येतील ती नवी चिन्हं काढली; पण ती लक्षात राहीनात. तेव्हा सगळ्या वर्गानं मिळून नव्यानं सुरुवात केली आणि आपली चिन्हं कशी असावीत याच्या अटीच ठरवल्या. चिन्ह पाहताच त्याची किंमत कळली पाहिजे, ते पेन्सिल न उचलता झटकन लिहिता आलं पाहिजे, नेहमीच्या आकड्यांशी त्याचा घोटाळा होता कामा नये, आणि ते दिसायला चांगलं हवं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी 'दिसायला चांगलं' ही अट घातली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांनी काढलेला उपाय असा. एक म्हणजे एक तिरकी उभी रेघ. दोन म्हणजे खाली जोडलेल्या दोन रेघा. अशा नागमोडी रेघा चारपर्यंत. पाच झाले की डोक्यावर एक आडवी रेघ. दहाला अशा दोन, पंधराला तीन. म्हणजे सतरा लिहायचे तर वर तीन रेघा आणि खाली दोन. सातला वर एक, खाली दोन. आता सतरातून सात वजा करा. वरची एक रेघ आणि खालच्या दोन्ही पुसल्या की वर दोन उरल्या, म्हणजे दहा. पाढा आठवायला नको, हातचा घ्यायला नको. उत्तर डोळ्यांपुढे तयार असतं. भागाकारसुद्धा बऱ्याचदा असाच नजरेनं उरकतो.

राहिलं शून्य. त्यांच्या मोजण्यात शून्याला शब्दच नव्हता, कारण जे नाही ते कोण मोजणार? मुलांनी डोक्यावर दोन्ही हात एकमेकांत अडकवल्यासारखी एक आकृती काढली. हात अडकले म्हणजे बोटं मोकळी नाहीत, म्हणजे काही मोजलं जात नाही.

या आकड्यांमागे मुळात शरीर आहे. या मुलांच्या भाषेत पाच म्हणजे 'तल्लिमत'. तो शब्द 'तलिक' म्हणजे बाहू यापासून आला. दहा म्हणजे 'कुलित', शरीराचा वरचा भाग. दोन्ही हातांची बोटं संपली. मग पायांची बोटं सुरू. आणि वीस म्हणजे 'इन्युइन्याक'. त्यात 'इन्यूक' हा शब्द आहे, म्हणजे माणूस. हातापायांची सगळी बोटं मोजून झाली की एक पूर्ण माणूस मोजून होतो. चाळीस म्हणजे दोन विसा, 'मल्गुकिपियाक'. शंभर म्हणजे पाच विसा, 'तल्लिमाकिपियाक'.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आजीचा आवाज कानात आला. 'तीन विसा आणि चार' असं ती म्हणायची तेव्हा चौसष्ट हा आकडा तिच्या मनात नसायचा. वीस-वीसचे तीन ढिगारे असायचे. आणखी एक गंमत आहे. त्यांच्याकडे नऊला 'कुलिङुगुताइल्याक' म्हणतात, म्हणजे दहाला कमी. चौदा म्हणजे पंधराला एक कमी, एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. आपल्या एकोणिसातलं, एकोणतिसातलं 'ऊन' अगदी हेच सांगतं. दोन भाषांचं दूरदूरचंही नातं नाही. तरी पुढच्या टप्प्याच्या उंबऱ्यावर उभं राहून एक पाऊल मागे वळून पाहण्याची खोड दोन्हीकडे सारखी आहे.

या माणसांना इन्यूपिआत म्हणतात. एकाला इन्यूपिआक, आणि भाषेलाही इन्यूपिआक. 'इन्यूक' म्हणजे माणूस आणि 'पिआक' म्हणजे खरा, अस्सल. अलास्काचा उत्तर आणि वायव्य किनारा, बेरिंगच्या सामुद्रधुनीपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, हा त्यांचा मुलूख. कॅनडा आणि ग्रीनलँडमधल्या इन्युइट लोकांचे ते सख्खे भाषाबंधू. 'एस्किमो' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव आता बहुतेकांना नकोसं झालं आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ते काढून टाकायला काहीच हरकत नाही. तसंच 'इग्लू'चं. आपल्या डोळ्यांपुढे लगेच बर्फाचा घुमट येतो. त्यांच्या भाषेत 'इग्लु' म्हणजे घर, कसलंही घर. अलास्कात पूर्वी ते लाकूड, देवमाशाची हाडं आणि माती-गवताच्या चिपांचं असायचं. एक घर 'इग्लु', दोन घरं 'इग्लुक', तीन किंवा जास्त 'इग्लुत'. होय, त्यांच्याकडे द्विवचन आहे. आपण संस्कृतातून मराठीत येताना वाटेत सोडून दिलेलं ते द्विवचन तिथे रोजच्या बोलण्यात नांदतं.

शब्द बांधण्याची त्यांची रीत मराठी माणसाला परकी वाटू नये. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपला एकच शब्द पाहा. घर, त्याच्या आत, आतली माणसं, त्यांना, आणि वर 'सुद्धा'. इन्यूपिआक ही रीत शेवटपर्यंत नेते. 'तौक्सिग्न्यिआग्विङमुङनिआङिचुगुत' हा एक शब्द आहे. अर्थ, 'आम्ही दुकानात जाणार नाही.' त्यात दुकान आहे, दुकानाकडे जाणं आहे, भविष्यकाळ आहे, नकार आहे आणि शेवटी 'आम्ही' आहे. 'ङिच' हा नकार. त्याच्यापुढे 'उगुत' लागलं की आम्ही, 'उङा' लागलं की मी. हा नकार लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो त्यांच्या दर्शक सर्वनामांचा. आपलं 'हा', 'तो' आणि फार तर 'पलीकडचा' यावर भागतं. त्यांच्याकडे अशा मूळ शब्दांची संख्या विसाच्या आसपास जाते. ती वस्तू वर आहे की खाली, आत आहे की बाहेर, दिसते आहे की आडोशाला आहे, एका जागी आहे की लांबवर पसरलेली किंवा हलती आहे, हे सगळं त्या एका शब्दात सांगावं लागतं. समुद्राच्या बर्फावर सहा-सात माणसं दबा धरून बसली आहेत, बोलायला दोन क्षण आहेत, आणि देवमासा पाण्याखाली आहे. तिथे 'तो तिकडे' म्हणून चालत नाही.

अशी भाषा बोलणारी माणसं किती उरली? अलास्का विद्यापीठाच्या नेटिव्ह भाषा केंद्राचा काही वर्षांपूर्वीचा अंदाज होता की साडेतेरा हजार इन्यूपिआतांपैकी भाषा बोलणारे तीन हजारांच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक चाळिशीच्या पुढचे. त्यानंतर ती चाळिशी साठीत गेली आहे.

हे आपोआप घडलेलं नाही. १८८५मध्ये शेल्डन जॅक्सन या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याची अलास्काचा शिक्षणाधिकारी म्हणून नेमणूक झाली. शाळेत फक्त इंग्रजी, हे त्याचं धोरण. पुढे कित्येक पिढ्यांतल्या मुलांना आईची भाषा तोंडून निघाली म्हणून छडी मिळाली, काहींच्या तोंडात साबण कोंबला गेला. गावात माध्यमिक शाळा नव्हती, म्हणून तेरा-चौदा वर्षांची मुलं शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांबच्या निवासी शाळांत पाठवली जात. रँगेल, सिटका, थेट ओरेगॉन राज्यातलं चेमावा. वर्षाचे नऊ महिने घराबाहेर. ती मुलं मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलली. ती भाषा विसरली नव्हती. आपल्याला जे सोसावं लागलं ते लेकरांच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं. या आईबापांना दोष देणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

त्याआधी साथींनी घरंच्या घरं नेली होती. ब्रेव्हिग मिशन या गावात नोव्हेंबर १९१८मध्ये इन्फ्लुएन्झा आला आणि पाच दिवसांत ८० प्रौढांपैकी ७२ जण गेले. त्यांना कायम गोठलेल्या जमिनीत एकत्र पुरलं. १९५१ साली आणि पुन्हा १९९७ साली योहान हुल्टिन हा संशोधक गावकऱ्यांची परवानगी घेऊन तिथे गेला, आणि दुसऱ्या खेपेला मिळालेल्या फुप्फुसाच्या तुकड्यामुळे त्या विषाणूची पूर्ण जनुकीय रचना वाचता आली. जगाला त्या थडग्यातून विज्ञान मिळालं. गावात त्या आठवड्यात पोरकी मुलं उरली होती, आणि त्यांना गोष्टी सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

१९७२मध्ये काही विद्यार्थ्यांनी गावातच माध्यमिक शाळा हवी म्हणून अलास्का राज्याला कोर्टात खेचलं. मॉली हूच या युपिक समाजातल्या मुलीच्या नावानं तो खटला ओळखला जातो. १९७६च्या तडजोडीनंतर शंभराहून अधिक गावांत माध्यमिक शाळा सुरू झाल्या. मुलं घरी राहू लागली. त्याच सुमाराला गावोगावी उपग्रहावरून टीव्ही आला. मुलं घरी आली ती वेळ आणि घरात इंग्रजी शिरली ती वेळ एकच निघाली.

आता देवमाशाची मोजणी सांगतो, कारण या लोकांचं ज्ञान म्हणजे काय ते तिच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

'अग्विक' म्हणजे बोहेड जातीचा देवमासा. तो दोनशे वर्षांहून अधिक जगतो. २००७ साली उत्तर किनाऱ्यावर मारलेल्या एका देवमाशाच्या अंगात १८८०च्या सुमारास बनलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा रुतलेला सापडला. म्हणजे शंभरावर वर्षं तो जखम घेऊन पोहत होता. वसंतात बर्फात भेगा पडून वाट मोकळी झाली की हे मासे बेरिंग समुद्रातून पूर्वेकडे जातात. त्यांची वाट पाहत माणसं बर्फाच्या कडेला तळ ठोकतात. होडीला 'उमियाक' म्हणतात. लाकडी सांगाड्यावर मोठ्या दाढीवाल्या सीलची कातडी बायकांनी अशी शिवलेली असते की टाक्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही. होडीचा आणि शिकारी गटाचा प्रमुख तो 'उमियालिक'. त्याच्या बायकोचाही मान तेवढाच. त्यांची श्रद्धा अशी की मासा स्वतःला देतो, आणि देतो ते उदार हाताच्या घराला. मारलेला मासा एकाच्या मालकीचा नसतो. वाटे ठरलेले असतात, आणि म्हातारी माणसं, विधवा, दूर शहरात राहणारे नातेवाईक, सगळ्यांपर्यंत 'मक्तक', म्हणजे कातडीसकट चरबी, पोचते. जूनमध्ये 'नलुकतक'चा सण होतो. कातड्याचं मोठं गोल अंथरूण गावकरी चारी बाजूंनी ताणून धरतात आणि त्यावरून एकेकाला आकाशात उंच उडवतात.

१९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगानं या शिकारीवर पूर्ण बंदी घातली. शास्त्रज्ञांचा अंदाज होता की बोहेड जेमतेम ६०० ते १,८०० उरले आहेत. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडच्या व्यापारी जहाजांनी तेलासाठी आणि कॉर्सेटमध्ये घालायच्या पट्ट्यांसाठी त्यांची कत्तल केली होती, हे खरं. शिक्षा मात्र ज्यांनी ती केली नव्हती त्यांना होत होती. इन्यूपिआत शिकाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की तुमची मोजणी चुकली आहे. शास्त्रज्ञ बर्फाच्या कडेवर उभे राहून दिसतील तेवढे मासे मोजत. मोकळं पाणी मिटलं की मोजणी थांबवत, कारण बर्फाखालून मासे जात नाहीत असं त्यांनी धरलं होतं. हॅरी ब्राउअर यांच्यासारख्या जुन्या जाणत्या शिकाऱ्यांनी सांगितलं की मासे बर्फाखालून जातात, डोक्यानं बर्फ फोडून श्वास घेतात, आणि कडेपासून फार लांबूनही जातात.

शिकाऱ्यांनी त्याच वर्षी स्वतःचा देवमासा आयोग उभा केला. डिसेंबरमध्ये बंदीच्या जागी तुटपुंजा कोटा आला; सगळ्या गावांत मिळून १२ मासे. मग उत्तर किनाऱ्याच्या नॉर्थ स्लोप प्रशासनानं, प्रुडो बेच्या तेलावरच्या करातून आलेल्या पैशांतून, स्वतःचे शास्त्रज्ञ नेमले. टॉम अल्बर्ट, क्रेग जॉर्ज ही माणसं शिकाऱ्यांचं ऐकायला तयार होती, आणि मला वाटतं हीच त्यांची मोठी विद्या. पाण्यात ध्वनिग्राहक सोडले. बर्फाखालून जाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माशांचं गाणं ऐकू आलं. आकडा वाढत गेला. २००१च्या मोजणीत तो दहा हजारांवर गेला, २०११मध्ये सोळा हजारांवर. आज अकरा गावं त्या शिकारी आयोगात आहेत आणि शिकार सुरू आहे. शिकाऱ्यांचं हे ज्ञान कोणत्या भाषेत साठवलेलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

बाहेरून येणारी माणसं या किनाऱ्याला रिकामं समजत आली आहेत. १९५८ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं ठरवलं की केप थॉम्प्सन इथे अणुबाँब फोडून एक बंदर खणायचं. 'प्रोजेक्ट चॅरिअट' हे त्याचं नाव आणि एडवर्ड टेलर त्याचे पुरस्कर्ते. जवळच पॉइंट होप गाव. शेकडो वर्षं सलग वस्ती असलेलं. मार्च १९६०मध्ये आयोगाचे अधिकारी गावात समजूत घालायला आले, तेव्हा गावकऱ्यांनी सगळं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं आणि अडचणीचे प्रश्न विचारले. १९६२मध्ये ती योजना गुंडाळली गेली. त्याच वर्षी पॉइंट होपचाच चित्रकार हॉवर्ड रॉक यानं 'टुंड्रा टाइम्स' हे वर्तमानपत्र काढलं.

ती सभा आणि ते वर्तमानपत्र यांच्या मधली एक गोष्ट, मे १९६१मधली. स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानुसार वसंतात बदक मारणं गुन्हा होता. हिवाळ्यातला साठा संपत आला की पहिलं ताजं मांस म्हणजे हीच बदकं. कायदा ज्या महिन्यांत परवानगी देई, ते येईपर्यंत ती निघून गेलेली असत. बॅरो गावात बदकं मारल्याबद्दल अटक झाली. त्यानंतर १३८ माणसं हातात एकेक बदक घेऊन अधिकाऱ्यापुढे हजर झाली, की आम्हालाही पकडा. सरकारला शेवटी खटले सोडून द्यावे लागले. १९३० सालच्या जंगल सत्याग्रहात आपल्याकडे गवत कापून स्वतःहून तुरुंगात गेलेल्यांच्या नातवंडांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

ते बॅरो आज बॅरो राहिलेलं नाही. सर जॉन बॅरो हे ब्रिटिश नौदल खात्यातले अधिकारी. त्यांनी हा किनारा कधी पाहिला नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये गावात मतदान झालं. जुनं नाव 'उत्कियाग्विक' परत आणावं या बाजूनं ३८१, विरुद्ध ३७५. सहा मतांचा फरक. विरोधातली सगळी माणसं परकी होती असं नाही. काही इन्यूपिआतांचं म्हणणं होतं की खरं जुनं नाव 'उक्पिआग्विक', हिमघुबडांची शिकार करायची जागा. उत्कियाग्विक म्हणजे खाण्याजोगी कंदमुळं गोळा करायची जागा. भांडण कोर्टातही गेलं. मला ते भांडण पाहून बरं वाटलं. आपल्या गावाला घुबडांचं म्हणावं की कंदमुळांचं, असा वाद लोक घालत आहेत म्हणजे दोन्ही शब्दांचा अर्थ त्यांना अजून लागतो. अमेरिकेच्या या सर्वांत उत्तरेच्या गावात नोव्हेंबरच्या अठरा तारखेच्या आसपास सूर्य मावळतो तो सुमारे ६५ दिवस उगवत नाही. नोव्हेंबरला तिथे 'निप्पिविक' म्हणतात, मावळण्याचा काळ. जानेवारीच्या नावात नवा सूर्य आहे.

बर्फाला त्यांच्याकडे किती शब्द, हा प्रश्न इथे कोणीतरी विचारणारच. ही मोजणीही देवमाशांच्या मोजणीसारखीच चुकीच्या जागी उभं राहून केलेली आहे. फ्रान्झ बोआसनं १९११मध्ये चार मुळं नोंदवली, मग सांगणाऱ्या प्रत्येकानं त्यात भर घातली, आणि वर्तमानपत्रांत आकडा शंभरावर गेला. लॉरा मार्टिन या अभ्यासकेनं १९८६ साली हा फुगा फोडला. ज्या भाषेत वाक्याएवढे शब्द बनतात तिथे शब्द मोजण्यात अर्थच नाही. पण म्हणून तिथे बर्फाचं बारकाईनं वर्णन नाही असं म्हणणं ही दुसरी चूक. वेल्स या गावातले विंटन वेयापुक आणि त्यांच्याबरोबर इगोर क्रुप्निक यांनी २०१२मध्ये समुद्री बर्फाचा एक छोटा कोश काढला, छायाचित्रांसकट. त्यात १२०च्या आसपास शब्द आहेत. 'तुवाक' म्हणजे किनाऱ्याला घट्ट धरलेला बर्फ. 'उइन्यिक' म्हणजे बर्फात पडलेली पाण्याची वाट. 'इवु' म्हणजे वारा आणि प्रवाहानं बर्फाचे डोंगर किनाऱ्यावर चढणं. कोणत्या बर्फावर पाय ठेवायचा, कुठल्या बर्फावर तंबू ठोकायचा, रात्रीतून कोणता तुकडा माणसांसकट समुद्रात तुटून जाईल, ते हे शब्द सांगतात. 'सिकुलियाक' म्हणजे नुकता धरू लागलेला कोवळा समुद्री बर्फ. अलास्का विद्यापीठाच्या संशोधन जहाजाला आता तेच नाव आहे.

तुवाक आता उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. गोठलेल्या जमिनीत खणलेली तळघरं, 'सिग्लुआक', ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या मांस ठेवलं, ती आतून पाझरायला लागली आहेत. तरण्या मुलानं आजोबांकडून शिकलेला शब्द बर्फावर लावून पाहावा तर तसा बर्फ त्या महिन्यात नसतो.

या सगळ्यात भाषेसाठी झटणारी माणसं आहेत, आणि ती हताश नाहीत. इन्यूपिआकची आजची लिपी रोमन आहे. रॉय अहमाओगाक या इन्यूपिआक पाद्रीनं १९४६ साली युजीन नायडा या भाषातज्ज्ञाबरोबर ती बसवली. आपल्या वर्णमालेत ङ आणि ञ वर्षानुवर्षं जवळजवळ बेकार बसून आहेत. तिथे ते रोज कामाला जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी रोमन अक्षरांना शेपट्या आणि टोप्या लावाव्या लागल्या. बॅरोत जन्मलेल्या एडना अहगीक मॅक्लीन यांनी आयुष्य घालून केलेला जाडजूड कोश २०१४मध्ये निघाला. त्यांचा मुलगा अँड्र्यू यानं 'सिकुमी', म्हणजे 'बर्फावर', हा लघुपट पूर्ण इन्यूपिआकमध्ये केला आणि २००८ साली सनडान्स महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. कॉट्झब्यू गावात १९९८पासून 'निकाइचुआत' ही बालशाळा लहान मुलांना पूर्णपणे इन्यूपिआकमध्ये वाढवते.

२०१४ हे साल तर भरभराटीचंच. राज्यानं इंग्रजीच्या जोडीला अलास्काच्या वीस मूळ भाषांना अधिकृत म्हणून मान्यता दिली. आणि नोव्हेंबरमध्ये एक व्हिडिओ गेम आला. अँकरेजमधल्या कुक इनलेट आदिवासी परिषदेनं तो बनवून घेतला होता. नुना नावाची मुलगी आणि एक पांढरा कोल्हा अखंड हिमवादळाचा उगम शोधायला निघतात. रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड या कथेकऱ्यानं सांगितलेल्या जुन्या गोष्टीवर तो बेतलेला आहे, आणि त्यातलं निवेदन जेम्स नागेआक या वडीलधाऱ्याच्या आवाजात, इन्यूपिआकमध्ये. जगभरच्या पोरांनी खाली उमटणारी अक्षरं वाचत तो आवाज ऐकला. गेमचं नाव 'किसिमा इनङिचुङा'. मघाचा नकार त्यात आहे, आणि शेवटी 'मी'. अर्थ, 'मी एकटी नाही.'

काक्तोविकच्या त्या वर्गात पुढे काय झालं ते राहिलंच. मोठ्या मुलांनी आपले आकडे शाळेतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना शिकवले, आणि त्यांना ते मोठ्यांपेक्षाही सहज जमले. हातापायांची बोटं त्यांच्याजवळ होतीच. शाळेच्या कार्यशाळेत वीसच्या पायाची मणिचौकट बनली. १९९७च्या गणित चाचणीत या मुलांचे गुण, जे आधी देशाच्या मानानं तळाशी असत, राष्ट्रीय सरासरीच्या वर गेले. मुलं थोडी होती, त्यामुळे एवढ्यावरून मोठा सिद्धांत मांडू नये. पण आपलं घरचं मोजणं शाळेत चालतं, एवढं कळल्यावर मुलाच्या पाठीचा कणा ताठ होतो, हे मानायला मला कोणत्या चाचणीची गरज वाटत नाही. पुढे २००२पासून अमेरिकेत ठरावीक परीक्षांचा धोशा वाढला आणि शाळांतून हे आकडे मागे पडले. फेब्रुवारी २०२०मध्ये कावेओलूक शाळेची इमारत जळून गेली.

सप्टेंबर २०२२मध्ये युनिकोडची पंधरावी आवृत्ती आली. ज्या यादीमुळे आपण फोनवर मराठी लिहू शकतो, तीच ही यादी. काक्तोविकचे वीसही आकडे, अडकवलेल्या हातांच्या शून्यासकट, तिच्यात आले. ते वर्ष त्या मुलांच्या आकड्यांत लिहायचं तर सोपं आहे. चारशे, म्हणजे वीस विसा, हे पाच वेळा. मग वीस एकदा. मग सुटे दोन. आधी वरची एक आडवी रेघ, तिच्याशेजारी एक तिरकी, तिच्याशेजारी खाली जोडलेल्या दोन. मधली एकटी रेघ तो माणूस, हातापायांच्या विसांच्या वीस बोटांचा.